एक टप्पा आउट

न्यू जर्सीला मुलाकडे गेलो की संध्याकाळी मला एक नोकरी लागते. मागच्या हिरवळीवर उभं राहून नातवाकडे चेंडू टाकायचा. नातू नऊ वर्षांचा; बेसबॉलच्या संघात शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला पहारेकरी. प्रशिक्षकाने सांगितलेला सराव तो नव्याने मुंज झालेल्या बटूच्या गांभीर्याने करतो. आधी ग्लोव्ह बाजूला ठेवायचा. मग गुडघे टेकायचे, म्हणजे पायांचीही मदत बंद. मी पाच-सहा पावलांवरून चेंडू असा टाकायचा की त्याचा टप्पा नातवाच्या पुढ्यातच पडावा, आणि पाहुण्यांसमोर भलतंच बोलून जाणाऱ्या पोरासारखा तो उसळायच्या आत याने त्याला गप्प करावं. एक तळवा जमिनीलगत, दुसरा वरून झाकणासारखा. सुसरीने जबडा मिटावा तसा. माझे हात बघून तो म्हणतो, "आजोबा, हात मऊ ठेवायचे. चेंडू येताना थोडं मागे घ्यायचं."

आमच्या वाडीत मऊ हातांची पद्धतच नव्हती. चेंडूवर आम्ही रेशनच्या रांगेतल्या माणसांसारखे तुटून पडायचो. अशाच एका झेलाने माझ्या उजव्या करंगळीला कायमचा बाक दिला. चहाचा कप धरला की ती उगाचच खानदानी दिसते. झेल तर सुटलाच. पण वाडीचा कायदा दयाळू होता. चेंडूचा एक टप्पा पडल्यावर एका हाताने पकडला, तरी आउट. हे नातवाला सांगितलं तेव्हा तो इतक्या समजूतदारपणे हसला की मीच लाजलो. पुढे वाचनात आलं की जुन्या बेसबॉलमध्येही पहिल्या उसळीवर पकडलेल्या चेंडूने फलंदाज बाद व्हायचा. तिथल्या जाणत्यांना हे पोरकट वाटे. वाद झाले आणि 1865 च्या हंगामापासून रेषांच्या आत मारलेल्या चेंडूंपुरती ही सवलत गेली. त्या काळी बहुतेक सगळे उघड्या हातांनीच खेळत. 1875 च्या सुमाराला चार्ल्स वेट नावाच्या खेळाडूने ग्लोव्ह घातला, तोही कातडीच्या रंगाचा, कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून. कलप लावणाऱ्या माणसाला हा संकोच वेगळा सांगायला नको. उसळीचा तो नियम वाचून मला मात्र दूरच्या एखाद्या काकांनी साठ वर्षांनी येऊन माझी बाजू घ्यावी तसं वाटलं.

या खेळाच्या धावफलकावर धावा आणि हिट्सच्या शेजारी तिसरा रकाना चुकांचा असतो. सुटलेला चेंडू अख्ख्या गावाला दिसेल असा मांडून ठेवतात. आमच्या घरी त्यासाठी वेगळा फलक कधी लागला नाही; सौभाग्यवतींच्या लक्षात सगळं राहतं, तारीखवार.

शनिवारी पाण्याचे फुगे आले. हाही सरावच: फुगा झेलायचा आणि फुटू द्यायचा नाही. रंगपंचमीला फुगा फुटण्यासाठीच फेकणाऱ्या माणसाच्या हातांना हे कळायला वेळ लागला. पहिले चार माझ्या सदऱ्यावर फुटले. पाचवा आला तेव्हा हात आपोआप मागे सरले, आणि मुलगा जन्मला त्या दिवशी नर्सने दिलेलं ते गाठोडं घेताना सरले होते तसेच सरले, असं उगाच वाटून गेलं. फुगा टिकला. नातवाने मान डोलावली आणि लगेच सहावा फेकला. तो फुटला.

ओझी स्मिथ नावाच्या खेळाडूने 1980 पासून सलग तेरा वर्षं शॉर्टस्टॉपसाठीचा गोल्ड ग्लोव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळवला. लहानपणी तो उताणा पडून चेंडू वर फेकायचा, डोळे मिटायचा आणि अंदाजाने झेलायचा. हे मला नातवानेच सांगितलं. त्या रात्री झोप येईना. शरीर अजून मुंबईच्या वेळेवर. उशाशी पायमोज्यांची गुंडाळी होती. ती छताकडे फेकली, डोळे मिटले, हात मऊ केले. एकदा नाकावर आली, एकदा चष्म्याच्या डबीवर. तिसऱ्यांदा कुठेच आली नाही. मी हात पसरून वाट बघत राहिलो. मग पलीकडून, डोळे न उघडताच, हिने ती गुंडाळी माझ्या तळहातावर आणून ठेवली आणि कुशीवर वळताना पुटपुटली, "टप्पा पडला होता हो."