फिल्टरशेठ

रायगडात सगळेच शेठ. वीटभट्टीवाला शेठ, रिक्षावाला शेठ, उधारी मागायला आलेला तोही शेठच. याच गर्दीत एमएच ०६ पासिंगच्या पांढऱ्या स्विफ्टच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेला कुणी दिसला, तर तो फिल्टरशेठ समजावा. पेणमध्ये असे बरेच सापडतात; रोह्यात धाटावच्या एमआयडीसीत शिफ्ट करणारे वेगळे.

हळदीच्या मांडवात डीजे दणाणत असतो, तेव्हा शेठने चार पोरांना बाहेर अंधारात नेलेलं असतं. मोबाइलच्या उजेडात बॉनेट वर जातं. कंपनीचा काळा डबा गायब, त्या जागी लालभडक, शंकूच्या आकाराचा कापसी फिल्टर. पोरं देवदर्शनाला आल्यासारखी गप्प.

"कंपनीने गाडीचा गळा आवळलेला असतो रे. आपण तो सोडवला. पिकअप डबल!"

"पण शेठ, कंपनी कशाला आवळेल?"

"मायलेजसाठी."

"मग आता मायलेज कमी झालं?"

"नाय नाय, ते पण वाढलं."

इंजिनाला हवा लागते, हे खरंच आहे. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. शेठला हा आकडा पाठ असतो, आणि तिथेच त्याचं शिक्षण संपतं. कारण ही हवा अडवते ती फिल्टरच्या पुढची थ्रॉटलची झडप, आणि ती शेठच्याच उजव्या पायाखाली. पेणहून रोह्याला निघालं की वडखळला ट्रेलरच्या मागे उभं राहायचं. मग गडब, कासू, आमटेम करत, २०११ पासूनच्या रुंदीकरणाची आठवण काढत, दुसऱ्या गिअरमध्ये रांगायचं. तेव्हा ती झडप जेमतेम किलकिली असते. घराचं दार लावून घ्यायचं आणि अंगणाचं फाटक रुंद करायचं, तसा हा प्रकार. चार हजार आरपीएमला झडप सताड उघडली, तरी १.२ लिटरच्या इंजिनाला सेकंदाला फार तर चाळीस लिटर हवा लागते. कंपनीचा काही शेकड्यांतला कागदी फिल्टर तेवढी विनातक्रार देतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली फिल्टर मुद्दाम तुंबवून गाड्या तपासल्या होत्या. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांचं मायलेज तुंबलेल्या फिल्टरनेही पडलं नाही. जे तुंबून पडत नाही, ते मोकळं करून वाढणार कसं? पण हे शेठला सांगावं तर तो म्हणतो, "अमेरिकेत आपला रोड आहे काय?"

खरी गंमत त्या काळ्या डब्याची. तो डबा पुढच्या जाळीकडून नळीवाटे बाहेरची हवा ओढत असे. शेठने तो काढला, त्यामुळे आता फिल्टर बॉनेटखालची, इंजिनाने तापवलेली हवा ओढतो. बाहेर ३३ अंश आणि आत ६० धरले, तर ती हवा आठेक टक्के विरळ. म्हणजे हजारो रुपये मोजून शेठने वडखळच्या ट्रॅफिकमध्ये ताकद गमावायची सोय केली. रेसच्या ट्रॅकवर, वरच्या आरपीएमला, नीट झाकलेल्या थंड हवेच्या नळीने आणि ट्यूनिंगने थोडी ताकद खरंच वाढते. पण नागोठण्यापुढे ट्रॅक नाही, भिसे खिंड आहे.

आणि खिंडीतच शेठचा खरा सोहळा. गिअर खाली, पाय दाबलेला, आणि पुढून घोंऽऽ असा खोल आवाज. डब्याचं एक काम हा आवाज गिळायचं होतं. तो गेला, आवाज मोकळा झाला. "आयकलंस?" शेठ डोळे मिटतो (खिंडीत!). गाडी पूर्वीइतक्याच वेगाने चढते, मागचा टेम्पो हॉर्न देतो, पण शेठला जोर जाणवतो, आणि त्यात तो खोटं बोलत नसतो. जाणवतो तो कानाला, एवढंच. मला विचाराल तर आवाजाचे पैसे देण्यात काही गैर नाही. आपण सनईवाल्यालाही देतोच. फक्त त्याचे हॉर्सपॉवर मोजू नयेत.

फिटरला हे सगळं ठाऊक असतं. तो बोलत नाही. फिटिंगचे पैसे मोजतो आणि काढलेला डबा प्लास्टिकमध्ये बांधून परत देतो. तो घरी माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी जातो. शेठची बायको तो भंगारात देऊ देत नाही. "गाडी विकताना गिऱ्हाईक ओरिजनल मागंल," ती म्हणते. घरातला व्यवहार तीच बघते.

जून लागला, आंबा नदीचं पाणी नागोठण्यात चढायची लक्षणं दिसली, की मात्र शेठ हबकतो. उघड्या फिल्टरने पाणी ओढलं तर ते थेट सिलिंडरमध्ये, आणि पाणी काही दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन उघडावं लागतं. म्हणून गुपचूप डबा माळ्यावरून खाली येतो, कापसी शंकू वर जातो.

जुलैत रोह्याच्या वाटेवर गारव्यात गाडी झकास पळते. शेठ स्टिअरिंगवर थाप मारतो, "बघ, काय पिकअप आहे! फिल्टरची कमाल!"

मागच्या सीटवरून त्याची बायको सांगते, "अहो, तो माळ्यावर आहे."

"माहीत आहे गं," शेठ म्हणतो, "पण गाडीला सवय लागलीय."