बहिणीची सही कशी घ्यावी : नवशिक्या भावांसाठी

वडिलांचं तेरावं उरकलं, मांडववाला पैसे घेऊन गेला, की लगेच कागद पुढे करावा असं नवख्या भावाला वाटतं. घाई नको. वारसाची वर्दी द्यायला महसूल कायद्यात तीन महिने आहेत. रडणारी बहीण पटकन सही करते हे खरं, पण ‘तेव्हा मला भान नव्हतं’ असं पुढे कोर्टात तीच म्हणू शकते. डोळे कोरडे होऊ द्या.

तोवर कायदा वाचून घ्या. तो तुमच्या बाजूचा नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने बसवलं. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाची अट काढली. राहिलेला संशय सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात मिटवला: हक्क जन्मानेच मिळतो, 2005 साली वडील हयात असण्याची गरज नाही. थोडक्यात, तुम्ही जितके मालक तितकीच ती.

त्यामुळे आजोबांच्या काळच्या युक्त्या आता कामाच्या नाहीत. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात बहीणच न दाखवणं हा सरळ गुन्हा आहे, आणि गावात भावकी असते. ती गप्प बसत नाही. ‘आमची तोंडी वाटणी कधीच झाली होती’ हे पालुपद न्यायालय सहसा ऐकत नाही. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव ‘इतर हक्का’च्या रकान्यात टाकून वर्षानुवर्षं झोपवून ठेवण्याची पद्धत मात्र झकास होती. पण रिंगरोडची मोजणी आली, मोबदल्याच्या नोटिसा निघाल्या, की झोपलेली नावं उठून बसतात.

म्हणून एकच मार्ग: नोंदणीकृत हक्कसोडपत्र. खर्च किरकोळ. वडिलोपार्जित मिळकत रक्ताच्या नात्यात सोडायची तर मुद्रांक पूर्वी दोनशेचा लागे, आता पाचशेचा. मजकूर वकिलाकडे तयार असतोच: कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, स्वखुशीने. ही स्वखुशी विकत मिळत नाही. ती घरी तयार करावी लागते, आणि अवघड भाग तोच.

स्वतः तोंड उघडू नका. आईला पुढे करा. आईचाही वाटा आहे, तेव्हा आधी तिची सही घ्यावी. ‘मी सोडलं, तूही सोड’ हे वाक्य तिच्या तोंडी फार शोभतं. फोन दुपारी करायला लावा, जावई कामावर असताना. आईला काही शिकवावं लागत नाही. तुझ्या लग्नात किती खर्च झाला, तुला देवाने काय कमी केलंय, भाऊ आहे तोवर माहेर आहे. ही तीन वाक्यं तिने तिच्या आईकडून ऐकलेली असतात, आणि तीही अशाच एका सहीच्या आधी. त्यातलं शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. माहेर तुटेल असं कुणी म्हणायचं नाही. ते बहिणीला आपोआप ऐकू येतं.

अधूनमधून बायकोवर ढकला. ‘माझं काही नाही गं ताई, पण घरात रोज कटकट चालते.’ बहिणीच्या मनात भाऊ चांगलाच राहिला पाहिजे. वाईट व्हायला वहिनी आहे. (बायकोला हे कळू देऊ नये. तिच्याही माहेरी एक भाऊ आहे.)

सहीच्या दिवशी गाडी पाठवा. दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो निघतो, अंगठा घेतात. बहिणीला हसायला सांगू नका, ती हसतेच. येताना चांगल्या हॉटेलात जेवण, घरी खण-नारळ, आणि यंदाच्या भाऊबीजेला जरा भारी साडी.

पुढे काय होतं याची नवशिक्यांना उगाच धास्ती असते. काही होत नाही. फेरफार मंजूर होतो, बहिणीचं नाव निघतं. तलाठ्याला हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात; पेढे तेच. बहिणीचे फोन हळूहळू कमी होतात. तिचा नवरा जेवताना ‘दिलंस ना सगळं?’ एवढंच म्हणतो, पण रोज म्हणतो. ती माहेरी आली की बॅग कुठे ठेवू असं विचारते. पूर्वी फळीवरचा डबा न विचारता काढायची. आता चहा येईपर्यंत बसून राहते. मग तिला झोप लागत नाही, गोळ्या सुरू झाल्यात असं कानावर येतं. विचारपूस करायला हरकत नाही, पण कारण विचारू नये. तीही सांगणार नाही. घरात चोरी झाली तर माणूस ओरडतो. इथे कागदावर तिचीच स्वखुशी आहे, फोटोसकट. फसवलं म्हणावं तर भावाचं नाव घ्यावं लागतं, आणि ते तिला जमत नाही. तुमची सगळी मदार तिच्या या न जमण्यावर आहे.

क्वचित एखादी बहीण वाटपाचा दावा लावते. गावात तिला ‘भावावर केस करणारी’ म्हणतात. ते काम गाव फुकटात करतं.

पुढचा पाठ दोन भावांमधल्या वाटणीचा आहे. त्यासाठी वेगळी तयारी लागेल. धाकट्याने हा पाठ तुमच्या शेजारी बसूनच गिरवलाय, आणि हक्कसोडपत्रावर साक्षीदार म्हणून त्याचीच सही आहे.