फ्लॅश मारणाऱ्या महाशयांस खुले पत्र

महाशय,

नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवतो, कारण मी तुमच्यावर रागावलो आहे.

सुरतेतल्या अठवालाइन्सच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय इनडोअर स्टेडियममध्ये टेबल टेनिसचा सामना चालू होता आणि तुम्ही माझ्याच पुढच्या रांगेत होतात. आपल्याकडे तोंड करून शहराच्या उधना भागातली एक बारा-तेरा वर्षांची पोर सर्व्हिस घ्यायला वाकली होती. आईवडील नंदुरबारकडचे, लूमवर काम करणारे. समोरच्या मुलीने चेंडू उडवला आणि नेमका तेव्हाच तुमच्या मोबाइलचा फ्लॅश लखकन पेटला. पोरीची बॅट हवेतच फिरली. असा अडथळा आला तर पंच लेट देऊन तो गुण पुन्हा खेळवू शकतात, पण त्यांची नजर टेबलावर होती. गुण गेला. तुम्ही मात्र फोटो कसा आला हे बघण्यात दंग. पुढच्याच सर्व्हिसला पुन्हा फ्लॅश!

अहो, तो चेंडू ४० मिलिमीटरचा, वजन २.७ ग्रॅम. बॅट चेंडूला कशी लागते यावरून क्षणार्धात फिरकी ओळखायची असते. म्हणून तर आंतरराष्ट्रीय नियमांत लिहिलं आहे की खेळाच्या जागेची पार्श्वभूमी गडद हवी, तिथे झगझगीत दिवा नको, उघड्या खिडकीतून येणारा उन्हाचा उजेडही नको. आणि तुम्ही तिच्या थेट डोळ्यांत झोत सोडता! शिवाय मोबाइलचा फ्लॅश काही फुटांपलीकडे कामाचा नसतो. तुमच्या रांगेतून टेबल त्याने उजळणारच नव्हतं. तुमचा फायदा शून्य आणि तिचे दोन गुण गेले.

हे सभागृह महापालिकेचं, म्हणजे तुमचं-माझं. इथे गरबा होतो, मेळावे होतात. तेव्हा हवे तेवढे फोटो काढा. पण टेबल टेनिसच्या वेळी फ्लॅश नको. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतलं टेबल टेनिस याच छताखाली झालं. आपल्या सुरतेच्या हरमीत देसाईने पुरुष एकेरीचं सुवर्ण घेतलं, गुजरातच्या पुरुष संघानेही सुवर्ण जिंकलं. इथलाच मानव ठक्कर २०२० मध्ये एकवीस वर्षांखालील जागतिक क्रमवारीत पहिला होता. या शहरात टेबल टेनिस जिवापाड खेळलं जातं, आणि उधना-लिंबायतची मुलं दोन बस बदलून सरावाला येतात, ती या दोघांकडे बघूनच. त्यांच्या मेहनतीची तुम्हाला जराही चाड नसावी याची मला चीड येते.

पुढच्या सामन्याला जरूर या. प्रेक्षक हवेच आहेत. रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळणं मुलांना आवडत नाही. फक्त आत येण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फ्लॅश बंद करा, आणि सर्व्हिस होईपर्यंत हात मांडीवर ठेवा. हे पत्र वाचणाऱ्या इतरांनाही विनंती आहे: शेजारच्याचा फ्लॅश पेटला, तर गुण संपताच त्याला तिथल्या तिथे सांगा.