धुवायला टाकलेला रोल

निपाणीत कुठल्याच गोष्टीची घाई करून चालत नाही. तंबाखू वखारीत मुरतो, त्याचा भाव मुरतो, आणि आपण नेमके कुठल्या राज्यातले हा प्रश्न तर १ नोव्हेंबर १९५६ पासून मुरतोच आहे. अशा गावात फोटोचं दुकान चालवणाऱ्याने डिजिटल कॅमेरा वापरावा की नाही, याचा विचार करण्यात उमेदीची वर्षं घालवली, तर निदान गाववाल्यांनी तरी त्याला नावं ठेवू नयेत. कॅमेरा मी घेतलेला आहे. पुतण्याच्या आग्रहाखातर घेतला, पूजा केली, हळदकुंकू वाहिलं आणि कपाटात ठेवला. तो अधूनमधून विचारतो, “काका, चार्ज तरी करून ठेवलाय न्हवं?” मी करून ठेवतो. पाहुण्याला चहा विचारावा, तेवढं आपल्याकडून.

घुटमळण्यात मला सोबतही फार मोठी लाभली आहे. पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली बनवला तो खुद्द कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने. वजन साडेतीन किलोच्या आसपास. एक काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरवायला तेवीस सेकंद लागायचे. साहेबांनी तो पाहिला, कौतुक केलं आणि रोलच विकत राहिले. जानेवारी २०१२मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पिवळ्या डबीवर अर्धं जग पोसणारी माणसं जिथे उंबऱ्यावर अडखळली, तिथे माझ्यासारख्याने एका उडीत आत जाणं म्हणजे वडीलधाऱ्यांचा अवमानच झाला असता.

पण खरं कारण निराळं आहे. ते सांगायचं तर लग्नाच्या मांडवात जायला हवं. रोलमध्ये फोटो छत्तीस. हात सराईत असेल तर सदतीस, कधी अडतीस. आणि मांडवात मामा, मावश्या, मामांचे साडू, साडूंचे शेजारी. प्रत्येकाला नवरानवरीशेजारी उभं राहायचं. नाही म्हणावं तर मानपान आडवा येतो, हो म्हणावं तर सप्तपदीपर्यंत रोल पुरत नाही. तेव्हा आमच्या धंद्याने एक तोडगा काढला होता: नुसता फ्लॅश मारायचा. दिवा लखकन चमकतो, साडूंचे शेजारी तृप्त होऊन जेवायला जातात, कॅमेऱ्यात मात्र काहीही गेलेलं नसतं. मग कधी बाजारात गाठ पडली की “अण्णा, आमचा त्यो फोटो?” “धुताना गेला बघा.” “जाऊ द्या, नशिबात नव्हता.” इतक्या प्रेमाने खोटं बोलण्याची आणि त्याहून प्रेमाने ते मानून घेण्याची सोय डिजिटलमध्ये नाही. आता फ्लॅश विझायच्या आत सातआठ माथी त्या इवल्या काचेवर ओणवतात. “माझे डोळे मिटलेत, परत काढा.” परत काढावा लागतो, आणि डोळे मिटलेला मामा पुसून टाकावा लागतो. जुन्या अल्बमांत असे मामा सुखाने नांदत असत. एक गृहस्थ तर मला तीन पिढ्यांच्या लग्नांत डोळे मिटून उभे असलेले आठवतात. घरचे त्यांना त्याच खुणेने ओळखतात.

नुसता फ्लॅश ओळखायला सीमाभागातल्या माणसाला शिकवावं लागत नाही म्हणा. दर निवडणुकीला तो आमच्या चौकात चमकतो आणि आम्ही मान थोडी वर करून, हसून उभे राहतो. पण आत काहीतरी उमटलं असेल, ही आशा सोडवत नाही. उजेड पडलेला आणि अजून न धुतलेला रोल असाच असतो: चित्र त्यात असतं, फक्त कुणाला दिसत नाही. आमचा रोल महाजन आयोगाने १९६७ साली एकदा धुऊन दाखवला. त्यात निपाणी महाराष्ट्रात होती, बेळगाव नव्हतं. महाराष्ट्राने कॉपी परत केली. २००४ साली नवा रोल सर्वोच्च न्यायालयात धुवायला टाकला. पावती जपून ठेवली आहे.

त्या मानाने माझे रोल भाग्यवान. रंगीत धुवायचा तर कोल्हापूर गाठायचं. कोगनोळीच्या नाक्यावर नेत्यांना अडवतात. माझा रोल शर्टाच्या खिशातून महाराष्ट्रात जायचा आणि चारदोन दिवसांत वधूवर होऊन परत यायचा. अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजातल्या पोरांचे ग्रुप फोटो तर महाराष्ट्रात काढलेले आणि कर्नाटकात धुतलेले, कारण कॉलेज हद्दीपलीकडे आणि माझी अंधारखोली अलीकडे. काळापांढरा मी घरीच धुवायचो. लाल दिव्याखाली, डेव्हलपरच्या ट्रेमध्ये, जे गडद ते आधी उमटतं. त्यामुळे आमच्याकडे मिशा आधी यायच्या आणि माणूस मागाहून.

बिडी कामगार बायका ओळखपत्राच्या फोटोसाठी यायच्या. डोक्यावरून पदर घेऊन, स्टुलाच्या अगदी टोकावर बसायच्या. मागे सरकून बसा म्हटलं तरी सरकायच्या नाहीत. त्यांच्या निगेटिव्ह पाकिटांत घालून ठेवल्या आहेत. मध्यंतरी एकजण आईची विचारत आला. घरात तिचा तेवढाच फोटो, आणि ओळखपत्राला पाणी लागलेलं. पाकीट सापडलं. निगेटिव्ह उजेडाला धरली. निगेटिव्हमध्ये पांढरे केस काळे दिसतात, त्यामुळे म्हातारी एकदम सुनेच्या वयाची झाली होती. तो बघतच राहिला.

मोठी कॉपी काढू म्हटलं, तर कागद संपलेला; आणि त्याला संध्याकाळच्या गाडीने पुण्याला जायचं होतं. “मोबाईलवर पाठवा की, काका.” कपाट उघडलं. कॅमेरा चार्ज होताच. निगेटिव्हमागे दिवा लावला, फोटो काढला, पुतण्याने काळ्याचं पांढरं केलं. लेक काचेवर वाकला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “जरा गंभीर वाटती. अजून एक काढता?”

काढला. तो बघून म्हणाला, “ह्यात बरी आली.”