आजोबांच्या कोटातली मंडळी

भिवंडी तालुक्यात हळदीच्या फ्लेक्सवर नवरदेवापेक्षा कैलासवासी मंडळी जास्त असतात. आमचं अंजूर त्याला अपवाद नाही. पुतण्याची हळद ठरली आणि 'आशीर्वाद' या मथळ्याखाली आजोबांचा फोटो हवाच, असा घरात ठराव झाला. फोटो एकच. ओटीवर दाराच्या वर, पुढं कललेला, काचेच्या फ्रेममध्ये. काळी टोपी, काळा कोट, पांढरं धोतर आणि फोटोग्राफरनं उसने पैसे मागितल्यासारखा चेहरा.

"मोबाइलवर काढ की, त्यात काय?" असं म्हणणाऱ्यानं काचेमागचा फोटो कधी काढलेला नसतो.

मी काढला. टोपीत ट्यूबलाइट, छातीवर खिडकी, पोटात मोबाइल धरून मी, आणि माझ्या खांद्यावरून डोकावणारी काकी. रस्त्यावरून गोदामाकडे निघालेला कंटेनरही कोटाच्या खिशात शिरला होता. धोतर मात्र स्वच्छ! यामागं शास्त्र आहे. साधी काच समोरून येणाऱ्या उजेडातला सुमारे ४ टक्के पुढच्या बाजूनं आणि जवळपास तेवढाच मागच्या बाजूनं परत फेकते. हे आठेक टक्के धोतराच्या पांढऱ्यात बुडून जातात. काळ्या कोटाकडे स्वतःचा उजेडच नसतो, त्यामुळे तिथं पाहुण्यांचं राज्य. त्या पिढीनं फोटोसाठी पांढरा सदरा पसंत केला असता, तर नातवंडांचे हाल वाचले असते.

"मग काच काढ," शेजारचे तात्या म्हणाले. तात्यांना सगळ्याच गोष्टी काढता येतात, विशेषतः दुसऱ्यांच्या घरातल्या. पण खाडीकाठच्या हवेत पावसाळ्यागणिक फोटोवरचा जिलेटिनचा थर ओलावा धरतो आणि काचेला चिकटून बसतो. ओढला असता तर आजोबा अर्धे काचेवर आणि अर्धे पुठ्ठ्यावर राहिले असते. अशा फोटोची नक्कल काचेतूनच घ्यायची.

या कटकटीतून गावातला एकच थोर माणूस सुटला. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात वसई घेतली, त्या मोहिमेसाठी पोर्तुगीजांच्या मुलखातल्या खबरा आणि माणसं जुळवणारे गंगाजी नाईक अंजूरचे. आणि फोटो काढायची युक्ती पॅरिसमध्ये जाहीर झाली १८३९ साली. शंभर वर्षांची चुकामूक! म्हणून गंगाजींच्या अंगरख्यात कुणाचा ट्यूबलाइट नाही.

आमच्या ओटीवर तोवर सल्लागार मंडळ भरलं होतं. पुतण्या म्हणाला, फ्लॅश मारा. मारला; आजोबांच्या नाकावर सूर्योदय झाला. मग त्याचा स्टुडिओवाला मित्र आला. त्यानं पोलरायझर नावाचा काळसर फिल्टर खिशातून अशा थाटात काढला, की तात्यांनीही खुर्ची सोडली. फिल्टरचा दोष नव्हता. १८०८ साली मालुस नावाचा फ्रेंच माणूस पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकणारं ऊन एका स्फटिकातून पाहत होता. स्फटिक फिरवला तशी चमक कमी-जास्त झाली. या फिल्टरचं मूळ तिथलं. पण ब्रूस्टर या स्कॉटिश गृहस्थानं १८१५ मध्ये त्यातली मेख सांगून ठेवली आहे: चमक पुरती मरते ती ठराविक कोनातच. काचेसाठी तो साधारण ५६ अंश, म्हणजे समोरून नव्हे, चांगलं बाजूला सरकून. समोरून फिल्टर कितीही फिरवा, ट्यूबलाइट ढिम्म हलत नाही. बाजूनं काढल्यावर तो गेला खरा, पण आजोबा इतके अरुंद झाले, की काकीनं विचारलं, "हा फोटो आजारपणातला का रे?"

शेवटी सरळ विचार केला. उजेड काचेवर ज्या कोनात येतो त्याच कोनात दुसऱ्या बाजूला परत फिरतो. तेव्हा कॅमेऱ्याच्या जागेवरून काचेत जे जे दिसतं, ते काळं करायचं. भिंतीवर कललेल्या फ्रेमला फरशी, चपला आणि आम्ही सगळेच दिसत होतो. तिला खाली उतरवून खुर्चीवर ताठ उभी केली, ट्यूब बंद केली, खिडकी लावली. दाराचा उजेड फक्त एका बाजूनं तिरका येऊ दिला. मोबाइल लांब धरून झूम केलं, म्हणजे कोन आवळतो आणि आत घुसायला पाहुण्यांना जागा उरत नाही. राहिलं काळं कापड. यंत्रमागांच्या भिवंडीत कापडाला काय तोटा? पण ओळखीच्या मागवाल्याकडे तागेच्या तागे पांढुरकं, न रंगवलेलं कापड. काळं हवं तर रंगाऱ्याकडे जा, म्हणाला.

मग काकीनं ट्रंकेतून संक्रांतीची काळी चंद्रकळा काढली. लेन्सपुरतं भोक पाडू या, असं तात्या म्हणाले. काकीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते घरी चहा प्यायला गेले, तेही आमच्याकडे चहा उकळत असताना. दोघांनी साडी आडवी ताणून धरली, निऱ्यांच्या फटीतून मी मोबाइल बाहेर काढला आणि फोटो टिपला. आजोबा स्वच्छ आले. टोपीचं कापड खरबरीत होतं, हे घरात प्रथमच कळलं. कोटाला एक बटण कमी होतं, त्यावरून काकी आजीला थोडं बोललीही.

फक्त कोटावर, खांद्यापासून खाली, एक लाल पट्टा उतरला होता. चंद्रकळेचा काठ.

फ्लेक्सवाल्यानं पडद्यावर फोटो मोठा केला. "बाकी ब्लॅक अँड व्हाइट आहे, हे लाल काय? उपरणं आहे का? की काढून टाकू?"

"उपरणंच आहे," काकी म्हणाली. "जरा ठळक कर."