प्रेमकथा मागितली की प्रेमकथाच द्या

'एखादी छान प्रेमकथा सुचवा ना,' असं कुणी म्हटलं की आपल्याकडचा पट्टीचा वाचक हमखास 'देवदास' सुचवतो. नाहीतर 'स्वामी'. 'देवदास'चा नायक शेवटी पारूच्या सासरच्या दारात जीव सोडतो. 'स्वामी'त थेऊरला माधवराव जातात आणि रमाबाई सती जातात. दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी मोठीच आहेत. पण ज्या बाईला दिवसभराच्या कामानंतर हसऱ्या मनाने पुस्तक मिटायचं होतं, तिला तुम्ही रडवून परत पाठवलंत. आणि वर तिच्या वाचनाला वळण लावल्याचं समाधानही मिळवलंत!

प्रेमकादंबरीच्या अटी दोनच. प्रेम हा कथेचा कणा असला पाहिजे, तोंडीलावणं नव्हे. आणि शेवटी दोघं एकत्र, आशेने उभी दिसली पाहिजेत. अमेरिकेत 1980 साली स्थापन झालेल्या प्रेमकादंबरीकारांच्या संघटनेने याच दोन कसोट्या लावल्या. दुसरी अट मोडली की पुस्तक शोकांतिका होतं. शोकांतिका जरूर वाचा, पण तिला प्रेमकादंबरी म्हणून कुणाच्या गळ्यात मारू नका.

'शेवट ठाऊकच असतो, मग वाचायचं काय?' हा प्रश्न ऐकून मला खरोखर राग येतो. अगाथा ख्रिस्तीच्या पुस्तकात खुनी सापडणारच असतो. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार तर संकटातून सुटणार याची खात्री धरूनच पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी त्याच्या कादंबऱ्या वाचल्या. तिथे कुणी तक्रार करत नाही. बायकांच्या आवडीचा प्रकार आला की मात्र तेच वैशिष्ट्य दोष ठरतं.

शेवट ठाऊक असला की वाचणाऱ्याचं लक्ष 'कसं' घडतं याकडे जातं, आणि लेखिकेची परीक्षा तिथेच असते. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' 1813 सालची. डार्सी एलिझाबेथला पहिल्यांदा मागणी घालतो तो प्रसंग पुस्तकाच्या ऐन मध्यावर येतो. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणता म्हणता तो तिच्या घराण्याचा कमीपणाही सांगून टाकतो. होकार मिळणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नसते. ती त्याला फटकारून नकार देते. दुसऱ्या दिवशी तो तिच्या हातात एक लांबलचक पत्र देऊन निघून जातो. ते पत्र ती आधी रागाने वाचते, मग पुन्हा वाचते, आणि माणसं पारखण्याच्या आपल्या हुशारीचीच तिला शरम वाटू लागते. पुढचं अर्धं पुस्तक म्हणजे या दोघांनी पायरी पायरीने आपला ताठा उतरवणं. आधी भांडणारी, मग प्रेमात पडणारी जोडी हा आजच्या प्रेमकादंबऱ्यांचा लाडका साचा आहे, आणि दोनशे वर्षं होऊन गेली तरी या प्रसंगापाशी पोचलेले थोडेच. 'शेवट माहीत आहे' म्हणून हे सोडून देणाऱ्याने काय गमावलं, ते त्याला कळणारही नाही.

पुस्तक सुचवणाऱ्याने आधी दोन प्रश्न विचारायला शिकावं. पहिला: नेमकं काय आवडलं? नेटफ्लिक्सवर डिसेंबर 2020 मध्ये 'ब्रिजर्टन' ही मालिका आली आणि कितीजणी विचारू लागल्या, 'अशीच आणखी कोणती पुस्तकं आहेत?' ज्युलिया क्विनच्या मूळ मालिकेतलं पहिलं पुस्तक 2000 सालचं, ते तर आहेच. पण नाचाचे समारंभ आणि चुरचुरीत संवाद आवडले असतील, तर जॉर्जेट हेयर द्यावी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा इंग्लंडचा तो काळ प्रेमकथेत तिने पक्का रुजवला. कपडे, घोडागाड्या, शिव्यासुद्धा तिने अभ्यासून लिहिल्या. शयनगृहाचं दार मात्र तिच्याकडे बंद असतं. आणि 'द ग्रँड सोफी' देताना त्यातल्या ज्यू सावकाराचं चित्र विखारी आहे, हेही सांगावं.

पण वाचणारीला इतिहासच भिडला असेल, तर बेव्हर्ली जेन्किन्सची 1996 सालची 'इंडिगो' द्या. हेस्टर वायट गुलामीत जन्मली. लहानपणी निळीच्या कामाला जुंपल्यामुळे तिच्या हातांवर जन्माचा जांभळा डाग राहिला आहे. आता ती मिशिगनमध्ये राहते आणि पळून आलेल्या गुलामांना आसरा देते. तिच्या तळघरात एक जखमी माणूस आणून ठेवतात आणि तिथून कथा सुरू होते. तो जन्माने स्वतंत्र, घरचा श्रीमंत आणि सुरुवातीला भलताच उर्मट. हेस्टर हात लपवते आणि त्याला त्याच हातांबद्दल माया वाटते, या एका धाग्यावर जेन्किन्सने जे तोललं आहे ते मी जमेल त्याला वाचायला लावते. गुलामगिरीचा एवढा इतिहास अंगावर घेऊनही हे पुस्तक त्या दोघांना सुख नाकारत नाही. ज्यांच्या वाट्याला इतिहासाने फक्त दुःख लिहिलं त्यांना सुखी पाहणं ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे.

बाकीचे पोटप्रकार भराभर सांगते. अद्भुताची आवड असेल तर नलिनी सिंगची 'स्लेव्ह टू सेन्सेशन': भावना दाबून टाकायला शिकवलेल्या समाजातली नायिका आणि बिबट्याचं रूप घेणारा नायक. आजच्या जगातली हवी असेल तर हेलन होआंगची 'द किस कोशंट'. आकडेमोडीत जगणारी, स्वमग्न असलेली नायिका जवळीक शिकण्यासाठी पैसे देऊन माणूस नेमते. लेखिका स्वतः स्वमग्न आहे आणि ते पानोपानी जाणवतं. दोन तरुणांची प्रेमकथा हवी असेल तर केसी मॅकक्विस्टनची 'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू'. हलकंफुलकं आणि आपल्या मातीतलं हवं असेल तर मुंबईत वाढलेल्या सोनाली देवची 'अ बॉलिवूड अफेअर'. चौथ्या वर्षी लग्न लागलेली मिली अमेरिकेत शिकायला जाते, आणि ते लग्न मोडून घ्यायला तिच्या नवऱ्याचा भाऊ तिथे येऊन थडकतो.

दुसरा प्रश्न विचारताना आपली जीभ अडखळते: शरीरसंबंधाचं वर्णन किती उघड चालेल? विचारा. सरळ विचारा. या संकोचाची आपण बरीच किंमत मोजली आहे. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' 1962 च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष सोडलं. कोर्टाने सोडलं तरी घरोघरचा खटला अजून चालूच आहे. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचणारी बाई 'मला हे चालेल, ते नको' असं कुणाला सांगणार? मग तिच्या हाती पडेल ते ती वाचते आणि कधी कधी भलतंच तिच्या अंगावर येतं.

अंगावर येतंच. कॅथलीन वुडिविसची 1972 सालची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' अमेरिकेतल्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांच्या लाटेची सुरुवात मानतात. तिच्यात नायकच नायिकेवर सुरुवातीला बलात्कार करतो. हे न सांगता ती कुणाच्या हाती देणं हा बेजबाबदारपणा आहे. कॉलीन हूवरची 'इट एंड्स विथ अस' गोड मुखपृष्ठामुळे वाढदिवसाची भेट म्हणून सर्रास दिली जाते. आत नवऱ्याची मारहाण आहे. ज्या मैत्रिणीच्या घरात तेच चाललं आहे, तिला ते आधी कळायला नको?

मराठीत हा प्रकार नव्हताच, असं कुणी म्हणू नये. ना. सी. फडक्यांनी प्रेमकथा तंत्रशुद्ध करून दाखवली आणि 1940 मध्ये रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्षही झाले. पण कुमुदिनी रांगणेकर, शकुंतला गोगटे, कुसुम अभ्यंकर, स्नेहलता दसनूरकर यांच्यावर लिहायला समीक्षकांना वेळ झाला नाही. जुन्या वाचनालयात यांची पुस्तकं काढून मागचं पान उघडा. परतीच्या तारखांचे शिक्के एकावर एक उमटलेले, चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर दुसरी डकवलेली, शिवण उसवून पुन्हा बांधलेली. एवढ्या वाचल्या गेलेल्या पुस्तकांच्या प्रती जीर्ण म्हणून बाद होतात आणि पुन्हा विकत घेतल्या जात नाहीत, याला मी अन्याय म्हणते, लिहिणाऱ्यांवरचा आणि वाचणाऱ्यांवरचाही.

वाचनालयांच्या पुस्तक खरेदी समित्यांनी पुढची यादी करताना एवढं करावं. प्रेमकादंबऱ्यांसाठी वेगळा पैसा काढावा, त्यात या जुन्या मराठी लेखिकांच्या मिळतील त्या प्रती आधी घ्याव्यात, आणि निवडीला अशी पुस्तकं आठवड्याला नेणाऱ्या दोन सभासद बायकांना बसवावं. कोणतं पुस्तक कुणाच्या हाती द्यायचं, हे त्यांना अध्यक्षांपेक्षा चांगलं ठाऊक असतं.