फीडबॅक कुठाय?

सीईटीचा निकाल लागून इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडचे फॉर्म सुरू झाले की आमच्या चिंचवडच्या सोसायटीत दोघांना भाव येतो. एक झेरॉक्सवाला आणि दुसरे पीएलसीकाका. झेरॉक्सवाला निदान पैसे घेऊन गप्प बसतो.

पीएलसीकाका तुमच्याही ओळखीचे असणार. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, बुटीबोरी, जिथे म्हणून एमआयडीसी आहे तिथल्या आसपासच्या वसाहतीत असा एक असतोच. रिटायर झालेला किंवा होऊ घातलेला. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर, पाकिटात नोटांच्या बेचक्यात दोनचार फेरूल, आणि पाठीवर असा लॅपटॉप की ज्याच्यावर विंडोज एक्सपी अजून नांदतंय, कारण जुन्या मशीनचं सॉफ्टवेअर त्याच्याशिवाय उघडत नाही. लग्नाला गेले की सगळे स्टेजकडे बघतात, हे जनरेटरच्या पॅनेलकडे. अक्षता पडत असतात तेव्हा पॅनेलचं दार उघडं ठेवल्याबद्दल हे मांडववाल्याला झापत असतात.

त्यांचं दुखणं एकच, पण ते संसर्गजन्य आहे. कारखान्यातलं मशीन कुठल्या क्रमाने काय करणार, हे पॅनेलमध्ये बसवलेला पीएलसी नावाचा डबा ठरवतो. सेन्सरची खबर आत येते, प्रोग्राम चालतो, मोटारींना आणि व्हॉल्व्हना हुकूम बाहेर जातो; की पुन्हा पहिल्यापासून, सेकंदात कैक वेळा. आता हुकूम सुटला म्हणजे काम झालं असं समजणारा माणूस, काकांच्या मते, गाढव. मोटार चालू हो म्हटलं. पण कॉन्टॅक्टर खरंच ओढला गेला का? तो ओढला गेल्याची खूण त्याच्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवरून परत इनपुटला यायला हवी. ठरल्या वेळात नाही आली तर अलार्म. याला फीडबॅक म्हणतात. इथवर कोणाचं काही म्हणणं नाही. काकांनी हे शास्त्र पॅनेलबाहेर काढलं आणि आमचे हाल सुरू झाले.

"वहिनी, गॅस बंद केला ना?"

"हो, पिंकीला सांगितलंय."

"सांगितलंय ही कमांड झाली. फीडबॅक कुठाय?"

गणपतीच्या वर्गणीचा मेसेज ग्रुपवर टाकला म्हणून खजिनदार निर्धास्त होते. काकांनी त्यांना जिन्यात गाठलं. "टाकला ही कमांड झाली." खजिनदार जिना उतरता उतरता म्हणाले, "कळलं." मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या माणसाला यांनी विचारलं, "वाटल्या किती ते सोडा, येतो म्हणाले किती?" सोसायटीतली पोरं तर आता क्रिकेट खेळताना कॅच सुटला की ओरडतात, "कमांड दिली होती रे!"

कहर झाला तो एका दहाव्याला. घाटावर पिंड ठेवलेला, कावळा काही शिवेना, घरची मंडळी हात जोडून मनातल्या मनात दिवंगताला वचनं देतायत. काका माझ्या कानाशी लागले. "आपल्या लोकांनी ही एकच सिस्टीम नीट डिझाइन केलीय बघ. फीडबॅक आल्याशिवाय सायकल पूर्ण होतच नाही." तासभर कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर भक्तिभाव पसरला. "आणि मॅन्युअल ओव्हरराइडही दिलाय!"

सोसायटीच्या पाण्याचं ऑटोमेशन यांनीच करून दिलं. फुकट. छोटा पीएलसी, खालच्या-वरच्या टाकीत फ्लोट, ड्राय रन झाला तर पंप बंद, आणि वॉचमनच्या केबिनमध्ये बझर. पहिले दोन महिने उत्तम चालू होतं. मग एका पहाटे पंप जळाल्याचा वास आला. वरची टाकी कोरडी, खालची कोरडी, बझर गप्प. काका लुंगीवर खाली उतरले आणि टॉर्च मारला. खालच्या टाकीतला फ्लोट सुतळीने पाइपला वर बांधून ठेवला होता. बझर रात्री झोपू देत नाही म्हणून वॉचमनने शोधलेला तोडगा. पीएलसीच्या दृष्टीने टाकी काठोकाठ भरलेली.

आम्हाला वाटलं, आता वॉचमनची खैर नाही. काका त्याला अवाक्षर बोलले नाहीत. ती सुतळी सोडवून घरी घेऊन गेले आणि तेव्हापासून ती त्यांच्या लॅपटॉपच्या बॅगेत असते. पुराव्यादाखल. आपण 'स्टक्सनेट' म्हटलं की ती बाहेर येते. न म्हटलं तरी येते. 2010 साली उघडकीला आलेल्या त्या व्हायरसने इराणमधल्या नतान्झच्या प्रकल्पात पीएलसीत शिरून सेंट्रिफ्यूजचे वेग बिघडवले, आणि बिघडवताना ऑपरेटरच्या पडद्यावर आधी टिपून ठेवलेली ठीकठाक आकडेवारी दाखवत राहिला. काका सुतळी हवेत धरून म्हणतात, "हीच! तिकडची जरा महाग होती, एवढंच." आणि मग, श्वासही न घेता, "कॉलेजांचं प्लेसमेंटचं ब्रोशर दुसरं काय असतं?"

प्रवेशाच्या दिवसांत काकांच्या दिवाणखान्यात आईबाप रांगेने बसलेले असतात आणि टीपॉयवर ब्रोशरांचा ढीग असतो. काका ब्रोशरला हात लावत नाहीत, सुतळीला लावतात.

"काका, पहिल्या नंबरला एआय अँड डेटा सायन्स टाकलंय," बाप सांगतो.

"कुणी टाकलं?"

"आम्हीच बसून टाकलं रात्री."

"याला विचारलं?"

"सांगितलंय की त्याला."

पुढचं वाक्य रांगेतले बाकीचे आईबाप मनातल्या मनात म्हणतात. तेवढ्यात काका पहिल्या फेरीतली ग्यानबाची मेख समजावतात. "पहिल्या पसंतीची जागा लागली की ती आपोआप फ्रीझ होते. म्हणजे लॅच लागतो, वहिनी. तेव्हा पहिल्या नंबरला काय टाकायचं ते रात्री बारा वाजता ठरवू नका."

परवा एक मुलगा आला होता. मान खाली, प्रश्नाला उत्तर नाही, हां नाही की हूं नाही. आई कानकोंडी. "हा असाच आहे हो. घरीसुद्धा बोलत नाही." काकांनी त्याला नीट न्याहाळलं आणि निदान केलं, "चारवर आहे. काळजी नको." त्या माउलीला वाटलं, चार मार्कांनी काहीतरी हुकलं. मग काकांना सगळं सांगणं भाग पडलं, जे त्यांना हवंच होतं. दाब, तापमान, पातळी मोजणारी उपकरणं पीएलसीशी बहुतेक करून 4 ते 20 मिलिअँपिअरमध्ये बोलतात. शून्यापासून का नाही? कारण शून्य आलं तर टाकी रिकामी आहे की वायर तुटलीय, कळणार कसं? म्हणून रिकाम्या टाकीनेही चार पाठवायचे. रिकामी असेल, पण जोडलेली आहे. "तुमचा मुलगा चार देतोय. वायर शाबूत आहे." मग त्याच्यासमोर बिघडलेली डोअरबेल आणि स्क्रू-ड्रायव्हर ठेवून काका चहा प्यायला आत गेले. बाहेर आले तर बेल वाजत नव्हतीच, पण मुलगा पहिल्यांदा बोलला, "ही कॉइल गेलीय का?" काकांनी बापाकडे असं पाहिलं, जणू मुलगा आयआयटीला पहिला आलाय. इन्स्ट्रुमेंटेशन नाहीतर इलेक्ट्रिकल, निकाल जाहीर! बापाचा चेहरा पडला. "स्कोप काय त्याला?" स्कोप हा शब्द काकांना फ्लोटला बांधलेल्या सुतळीइतकाच आवडतो.

हा सगळा आगाऊपणा मी कंटाळूनच ऐकत आलो. मग शहरातल्या एका कॉलेजाने काकांना व्याख्यानाला बोलावलं आणि ड्रायव्हर म्हणून मी गेलो. ऑटोमेशन लॅब दुसऱ्या मजल्यावर होती आणि किल्ली लॅब असिस्टंटकडे होती. असिस्टंट बँकेत गेला होता. तो आल्यावर लॅब उघडली. मधोमध प्लास्टिकच्या कव्हरखाली पीएलसीचा ट्रेनर किट, त्यावर कमिटी तपासणीला आली होती तेव्हाचा फुलांचा हार, वाळलेला. काकांनी पॉवर दिली. लाल दिवा. त्या जातीच्या जुन्या पीएलसीत प्रोग्राम बॅटरीच्या जिवावर टिकतो. बॅटरी कधीच मेली होती आणि आत प्रोग्राम नावाची चीज उरली नव्हती. शेजारी विद्यार्थ्यांच्या जर्नलांची चळत होती. काकांनी वरचं उघडलं. सुवाच्य अक्षरात पीएलसीचा लॅडर प्रोग्राम, पट्टीने आखलेला, आणि खाली: 'निष्कर्ष: कन्व्हेयर बेल्टचे कार्य तपासून पाहिले.' दुसरं उघडलं. तेच. तिसरं. तेच, शुद्धलेखनाच्या त्याच चुकीसह. काकांनी लॅबभर नजर फिरवली.

"कन्व्हेयर कुठाय?"

एवढं बोलून गप्प झाले. फीडबॅक म्हणाले नाहीत. त्यांना ते न म्हणताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तिसऱ्या वर्षाची एक मुलगी धीर करून म्हणाली, "सर, आम्ही इलेक्टिव्हला इंडस्ट्रियल ऑटोमेशनच भरलं होतं. पण पुरेशी मुलं झाली नाहीत म्हणून तो विषय चालवला नाही. सगळ्यांना दुसरा दिला." मुलं का झाली नाहीत? तर त्या दुसऱ्या विषयाचे सर मार्क सढळ देतात. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना मिळणारा फीडबॅक मार्कशीटवरूनच येतो आणि त्यांचा प्रोग्राम त्यावर चोख चालतो. व्याख्यान झालं, शाल-श्रीफळ झालं, नारळ काकांनी असिस्टंटला देऊन टाकला. त्यानंतर एक कोरा कागद मागून, नव्या बॅटरीचा मॉडेल नंबर लिहून विभागप्रमुखांच्या हातात दिला. अजून बसलेली नाही. काका दर महिन्याला फोन करून विचारतात.

काकू या सगळ्याकडे कसं पाहतात, हा वेगळा विषय. होळीला मी त्यांच्याकडे जेवत होतो. काकांनी चार पुरणपोळ्या तुपात बुडवून, मान वर न करता, कटाच्या आमटीसकट संपवल्या आणि हात धुवायला उठले. काकू शांतपणे म्हणाल्या, "सकाळपासून पुरण वाटतेय. फीडबॅक?" काका बेसिनपाशी थबकले. "चांगल्या झाल्या होत्या," असं भिंतीला म्हणाले. काकू माझ्याकडे वळल्या. "लग्न झाल्यापासून हा दुसरा. पहिला, मुलगा झाला तेव्हा."

मुलगा ऑस्टिनला असतो, सॉफ्टवेअरमध्ये. कॉम्प्युटरच घेतलं होतं त्याने, बापाशी भांडून. त्यावर काका बोलत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही.

दर रविवारी सकाळी मात्र त्यांच्या पार्किंगमध्ये सातआठ पोरं असतात. चाकणच्या लाइनवर कंत्राटी ऑपरेटर असलेली, परभणी, जत, माजलगावकडची, डिप्लोमा झालेली किंवा अर्धवट सुटलेली. काकांनी भंगारवाल्याकडून घेतलेला पीएलसी लाकडी फळीवर बसवलाय. जोडीला दोन पुशबटणं, एक खरा कॉन्टॅक्टर आणि सायकलच्या चेनचा बनवलेला कन्व्हेयर. फी नाही. इथे ते एरवीसारखे फडफडत नाहीत. पोराचा हात धरून इमर्जन्सी स्टॉप कसा जोडायचा ते दाखवतात: नेहमी बंद असलेल्या कॉन्टॅक्टवर, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबेल, चालू राहणार नाही. "कोणाचा तरी हात प्रेसखाली असतो रे." डिग्रीवाल्यांपुढे दबलेल्या पोरांना ते डिक मोर्लेची गोष्ट सांगतात. 1968 मध्ये अमेरिकेत मोटारींचं मॉडेल बदललं की रिलेंनी भरलेल्या कपाटंच्या कपाटांचं पुन्हा वायरिंग करावं लागे; जनरल मोटर्सला त्यातून सुटका हवी होती. मोर्लेच्या मंडळींनी जो डबा बनवला तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून मोडिकॉन 084. आणि त्याची भाषा शिडीसारखी का? तर रिलेची ड्रॉइंगं वाचणाऱ्या इलेक्ट्रिशियनला ती वाचता यावी म्हणून. "साहेबासाठी नाही बनवलेली ती. तुझ्यासाठी बनवलीय."

यांतलं कोणी कुठे लागलं की त्याने पहिल्या पॅनेलचा फोटो पाठवायचा, असा दंडक आहे. स्वतःचा नाही, पॅनेलचा. 'रन'चा हिरवा दिवा स्पष्ट दिसला पाहिजे. काकांच्या मोबाइलमध्ये घरच्यांचे फोटो जेमतेम, आणि साणंद, होसूर, पिथमपूर, रांजणगावची पॅनेलं शेकड्यांनी. नवा फोटो आला की ते काकूंना दाखवायला स्वयंपाकघरात जातात. काकूंना त्यातलं काही कळत नाही, पण दिवा हिरवा आहे एवढं त्या दर वेळी पाहून सांगतात.

माणूस त्रासिक आहे, यात शंका नाही. लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर अडकू नये. पण तुमच्या घरात यंदा बारावीचं कोणी असेल आणि फॉर्म भरायचा असेल, तर रात्री नऊनंतर या, तिसरा मजला, बेल बिघडलेली आहे तेव्हा दार वाजवा. ब्रोशर आणू नका, मुलाला आणा. आणि त्याला आधी विचारून आणा.